ग्रँट नावाची माणसे आणि आपला चांदा

मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोड नावाचे स्थानक आहे. भायखळ्याला ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आहे. मराठ्यांच्या इतिहासाकडे वळलेल्या प्रत्येकाने ग्रँट डफ हे नाव ऐकलेले असते. न्यायमूर्ती रानड्यांचे चरित्र उघडावे, तर त्यांच्या विद्यार्थिदशेत एक ग्रँट साहेब भेटतात. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या गतकाळाविषयी काही लिहू पाहणाऱ्याला ज्या जुन्या सरकारी ग्रंथाच्या दारी जावेच लागते, त्या १८७० सालच्या मध्य प्रांताच्या गॅझेटिअरवरही संपादक म्हणून ग्रँट हेच नाव छापलेले आहे. साहजिकच वाचकाची समजूत अशी होते, की हा कोणी एकच मोठा साहेब असावा. त्यानेच रस्ता बांधला, त्यानेच दवाखाना काढला, त्यानेच बखर लिहिली आणि फुरसतीच्या वेळी आमच्या जंगलांची मोजदादही करून टाकली. वास्तविक ही चार निरनिराळी माणसे. यांच्या आगेमागे त्याच नावाची आणखी चार-पाच माणसे आमच्या देशाच्या कारभारात वावरून गेली. त्यांची निवडानिवड करावी, असे आम्ही योजिले आहे.

एका नावाची पुष्कळ माणसे असणे यात आपणां ख्रिस्ती वाचकांना काही नवल वाटावयाचे नाही. वसईच्या कोणत्याही धर्मग्रामाची स्नानसंस्काराची नोंदवही उघडा. डिमेलो, डिसोझा, लोपीस, परेरा यांच्या रांगाच रांगा लागतात. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज धर्मपित्याचे आडनाव स्नानसंस्कारासोबत घरात आले आणि राहिले. त्यामुळे दोन डिसोझा भेटले की ते भाऊबंद असतीलच असे कोणी धरून चालत नाही. इकडे गडचिरोली जिल्ह्यातही तीच गर्दी. एखाद्या आश्रमशाळेच्या हजेरीपटावर मडावी, आत्राम, उसेंडी, कोवे, सिडाम, नरोटे ही नावे पुनःपुन्हा येतात. पण येथे नावाचा अर्थ वसईहून वेगळा आहे. गोंडांच्या समाजात आडनाव म्हणजे कुळ, आणि कुळ म्हणजे देवांची संख्या. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी वाटणी. ज्यांची देवसंख्या एक ते परस्परांचे भाऊबंद, त्यांच्यांत सोयरीक होत नाही. अनोळखी गावी गेलेला माणूस आडनाव सांगतो, आणि कोणाला भाऊ म्हणावे, कोणाला व्याही, हे तेवढ्यावरून ठरते. वसईचे नाव बाहेरून आले. येथले नाव हाच नात्यांचा नकाशा.

ग्रँट हे नाव या दोहोंच्या मधले. स्कॉटलंडच्या उत्तरेस स्पे नावाची नदी आहे, तिच्या खोऱ्यात या कुळाचे बस्तान होते. नावाची व्युत्पत्ती फ्रेंच भाषेतील ‘थोर’ किंवा ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून बहुतेक जण लावतात. मोठा म्हणजे धिप्पाड की मानाने मोठा, यावर वाद घालणारे घालोत. डोंगराळ स्कॉटलंडातील कुळांत नायकाच्या रक्ताचे लोक असत, तसेच त्याच्या जमिनीवर कसणारे, त्याच्या आश्रयाला आलेलेही असत आणि तेही त्याचेच नाव लावीत. त्यामुळे ग्रँट म्हटला की नायकाचा चुलतभाऊ निघेल की त्याच्या कुळवाड्याचा नातू, याचा नेम नाही. नाव एक असले म्हणजे निष्ठा एक असते असेही नाही. १७४५ साली कॅथलिक स्टुअर्ट घराण्यातील राजपुत्र चार्ल्स एडवर्ड आपले गेलेले सिंहासन परत मिळवावयास स्कॉटलंडात उतरला, तेव्हा ग्रँटांचा नायक सरकारच्या बाजूस राहिला. परंतु ग्लेनमॉरिस्टन आणि ग्लेन अर्कहार्ट या खोऱ्यांतील पुष्कळ ग्रँट राजपुत्राच्या झेंड्याखाली गेले. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडन येथे त्या सैन्याचा निकाल लागला. पुढे आश्वासनावर विसंबून शस्त्रे खाली ठेवणाऱ्या या ग्रँटांना त्यांच्याच नावाच्या नायकाने सरकारच्या हवाली केले, आणि त्यांतील अनेकांची रवानगी बार्बाडोस बेटावर गुलामांच्या शेजारी राबण्यासाठी झाली. डोंगरी पोशाख घालण्यासही कायद्याने बंदी झाली. नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार गेले. कॅथलिकांवरील जाचक कायदे तर आधीपासून होतेच. त्या दिवसांत पीटर ग्रँट नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू रोममध्ये स्कॉटलंडच्या मिशनचे प्रतिनिधी म्हणून काम पाहत, कारण मायदेशी उघडपणे कामच करता येत नसे. स्कॉटलंडात महागुरुस्वामींची रीतसर परंपरा पुन्हा सुरू व्हावयास १८७८ साल उजाडावे लागले.

कलोडननंतर अवघ्या पाच वर्षांनी, १७५१ मध्ये, इकडे चांद्याचे गोंड राज्य संपले. नीलकंठशहा हा शेवटचा राजा. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी त्याचे राज्य घेतले आणि त्याला कैदेत टाकले. दोन्हीकडे डोंगरात राहणारी, कुळाने बांधलेली माणसे. दोन्हीकडे मैदानातील सत्तेने त्यांना जिंकलेले. फरक इतकाच, की जिंकल्या गेलेल्या त्या डोंगरी मुलखाची मुले पुढच्या पिढीत जेत्यांच्या कंपनीत नोकरीला लागली आणि शंभर वर्षांनी त्यांचेच नातू आमच्या डोंगरांचे हिशेब लिहू लागले.

त्या मुलांतला पहिला चार्ल्स ग्रँट. हा कलोडनच्याच साली, १७४६ मध्ये जन्मला. त्याचा बाप राजपुत्राच्या बाजूने लढलेला. घरची गरिबी होती; मुलगा कंपनीच्या चाकरीत बंगालला आला आणि पैसा मिळवू लागला. १७७६ साली त्याच्या दोन लहान मुली देवीच्या साथीत काही दिवसांच्या अंतराने दगावल्या. त्या दुःखाने हा माणूस मुळापासून पालटला. प्रॉटेस्टंट पंथातील कडव्या, प्रार्थनाशील मंडळींत तो सामील झाला. विल्बरफोर्स हे त्याचे स्नेही. पुढे कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष झाल्यावर त्याने दोन गोष्टींचा पाठपुरावा केला. लॉर्ड वेलस्लीने चालविलेली मुलूखगिरीची युद्धे त्याला पसंत नव्हती आणि तो ते स्पष्ट बोलून दाखवी. भोसल्यांशी १८०३ मध्ये झालेले युद्ध हे त्या मुलूखगिरीतलेच. दुसरी गोष्ट म्हणजे मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची मोकळीक. कंपनीच्या १८१३ च्या सनदेत ती मिळाली, तिच्यामागे चार्ल्स ग्रँटची वीस वर्षांची खटपट होती. १७९२ मध्ये त्याने हिंदुस्थानातील समाजस्थितीवर एक मोठे टिपण लिहिले. ते वाचवत नाही. या देशातील माणसांविषयी त्यात इतके कठोर, सरसकट शब्द आहेत, की लिहिणाऱ्याने या लोकांच्या घरी कधी भाकरी खाल्ली असेल की नाही अशी शंका यावी. ज्यांना सुवार्ता सांगावयाची त्यांच्याविषयी मनात अनादर धरून ती सांगता येत नाही, हे प्रेषितांच्या काळापासून ठाऊक असलेले सत्य त्या टिपणात कोठे आढळत नाही.

त्याचे दोन मुलगे अधिक मोकळ्या मनाचे निघाले. थोरला, चार्ल्स, पुढे लॉर्ड ग्लेनेल्ग या नावाने प्रसिद्ध झाला. १८१८ पासून तीन वर्षे आयर्लंडच्या कारभारात असताना कॅथलिकांना नागरी हक्क मिळावेत या मताचा म्हणून त्याची ख्याती होती. धाकटा रॉबर्ट हा मुंबईकरांचा ग्रँट. १८२९ मध्ये ब्रिटनमधील कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले गेले. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ग्रँटने यहुद्यांसाठीही तेच दार उघडावे असे विधेयक आणले. ते पडले. १८३३ मध्ये त्याने पुन्हा आणले. कनिष्ठ सभागृहात ते मंजूर झाले आणि उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. यहुद्यांना तो हक्क मिळाला १८५८ साली, तेव्हा ग्रँट मरून वीस वर्षे झाली होती. १०४ व्या स्तोत्रावर त्याने रचलेले, सृष्टीच्या राजाधिराजाची आराधना करणारे एक इंग्रजी गीत आजही गायिले जाते. प्रॉटेस्टंट बांधवांच्या गीतसंग्रहातून ते कॅथलिक चर्चमध्येही आले. इंग्रजी मिस्सेत ते गाणाऱ्या आमच्या शहरी वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ज्याच्या नावाच्या स्थानकावर आपण गाडी बदलतो त्याच गव्हर्नराची ही रचना आहे?

१८३५ साली रॉबर्ट ग्रँट मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. देशी तरुणांना वैद्यकशास्त्र शिकविणारी संस्था मुंबईत असावी, यासाठी त्याने प्रयत्न चालविले. ते सिद्धीस जाण्यापूर्वीच, १८३८ च्या जुलैमध्ये, पुण्याजवळ दापोडी येथे त्याचा अंत झाला. पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली. मुंबईच्या नागरिकांनी त्याचे स्मारक म्हणून वर्गणी गोळा केली, जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून शेजारी रुग्णालय उभे राहिले, आणि १८४५ मध्ये महाविद्यालय सुरू झाले. १८५१ साली तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग यांच्यासोबत सेबास्तियांव कार्व्हाल्यु आणि जुझे कामिलो लिस्बोआ हे गोव्याचे कॅथलिक तरुणही होते. लिस्बोआ पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. मुंबई इलाख्यातील उपयुक्त वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १८८६ मध्ये मुंबई गॅझेटिअरचा एक खंड म्हणून निघाला. गॅझेटिअर या शब्दापाशी आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

त्याआधी मुंबईच्याच एका दुसऱ्या ग्रँटाची हकिकत सांगितली पाहिजे. हा रॉबर्टच्या घरचा नव्हे. सर जॉन पीटर ग्रँट, रॉथिमर्कस नावाच्या अरण्यमय जहागिरीचा धनी. त्या जहागिरीतील पाइनची झाडे तोडून त्यांचे ओंडके स्पे नदीच्या पुरात सोडीत आणि समुद्रापर्यंत वाहून नेत. प्राणहिता-गोदावरीच्या पात्रातून जाणारे सागवान ज्यांनी पाहिले किंवा ऐकले आहे, त्यांना तो देखावा परका वाटू नये. त्याची मुलगी एलिझाबेथ हिने आपल्या आठवणींत त्या ओंडकेवाल्यांचे फार सुरेख वर्णन केले आहे. झाडे विकूनही बापाचे कर्ज फिटले नाही. तेव्हा मित्रांच्या खटपटीने त्याला मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशाची जागा मिळाली आणि १८२८ मध्ये तो सहकुटुंब मुंबईस आला. कर्जबुडवा म्हणून हिणविला गेलेला हा गृहस्थ न्यायासनावर बसला मात्र, आणि वर्षभरातच मुंबई सरकारची झोप उडाली.

पुण्यात मोरो रघुनाथ नावाचा सुमारे चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचा नातलग आणि पालक पांडुरंग रामचंद्र ढमढेरे हा पेशवाईतील मातबर सरदार. कंपनीने अशा सरदारांना न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे वचन दिले होते. मुलाला डांबून ठेविले आहे, त्याच्या जिवाला अपाय आहे, अशी तक्रार त्याच्या बाजूच्या मंडळींनी मुंबईच्या न्यायालयात केली. न्यायालयाने हुकूम काढला, की मुलाला आमच्यापुढे हजर करा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. पुणे तुमच्या हद्दीत येत नाही, राज्यकारभाराच्या सोयीपुढे तुमचे हुकूम चालावयाचे नाहीत, असे सरकारचे म्हणणे पडले. सोबतचे दोन न्यायाधीश, वेस्ट आणि चेम्बर्स, १८२८ च्या पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस एकामागून एक वारले; ग्रँट एकटा उरला. शेवटी १ एप्रिल १८२९ रोजी त्याने न्यायालयाला कुलूप लावले. जेथे राजाच्या नावाने काढलेला हुकूम सरकारच मोडते तेथे आम्ही न्यायदानाचे सोंग करणार नाही, असा त्याचा बाणा होता. विलायतेत प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि निकाल सरकारच्या बाजूने लागला. ग्रँटच्या शेजारी दोन नवे न्यायाधीश पाठवून, दोन माणसाळलेल्या हत्तींमध्ये एक रानहत्ती बांधावा तशी व्यवस्था करतो, असे एका विलायती मंत्र्याने माल्कमला लिहिले. ते पत्र बाहेर फुटून छापलेही गेले.

कायद्याच्या अक्षराने पाहिले तर ग्रँट हरला, आणि कदाचित त्याचे हद्दीविषयीचे मत चुकीचेही असेल. पण डांबून ठेविलेल्या माणसाला न्यायाधीशासमोर उभे करा, ही मागणी राज्यकर्त्यांच्या सोयीपेक्षा वरची आहे, हे पश्चिम हिंदुस्थानात सर्वांत आधी कोणी ठणकावून सांगितले असेल तर या तापट, कर्जबाजारी ग्रँटाने. पुढल्या काळात गडचिरोलीच्या कितीतरी गावांतील आयाबहिणींनी आपला मुलगा कोठे ठेविला आहे ते दाखवा, अशीच अर्जविनंती घेऊन नागपूर गाठलेले आहे. पोलिसांनी नेलेला असो वा जंगलातील बंदूकवाल्यांनी. त्यांच्या वकिलांनी केलेल्या अर्जाचे नाव अजूनही तेच आहे, जे मोरो रघुनाथाच्या अर्जाचे होते.

या न्यायाधीशाचा त्याच नावाचा मुलगा जॉन पीटर ग्रँट बंगालच्या बाजूस चढत गेला. विधवाविवाहाचे विधेयक कलकत्त्याच्या कौन्सिलात १८५५ मध्ये त्याने मांडले आणि १८५६ मध्ये ते कायदा झाले. तेरा वर्षांनी विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत पुनर्विवाह घडवून आणला, तो याच कायद्याच्या आधाराने. निळीच्या मळेवाल्यांनी रयतेवर केलेल्या जुलमाच्या वेळीही, १८६० मध्ये, तो रयतेच्या बाजूने उभा राहिला. त्याच्या आगबोटीच्या दोन्ही तीरांवर मैलोन्‌मैल रयत हात जोडून उभी होती, ही गोष्ट त्याने स्वतःच नमूद केली आहे.

सर अलेक्झांडर ग्रँट यांच्याविषयी थोडक्यात. हे ॲरिस्टॉटलचे भाष्यकार, एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. १८६८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख होऊन परत गेले. रानडे त्यांचे लाडके शिष्य. परंतु मराठ्यांच्या राज्याशी तुलना करून रानड्यांनी इंग्रजी राज्याविषयी निबंधात प्रतिकूल लिहिले, तेव्हा याच गुरुजींनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, अशी कथा रानड्यांच्या चरित्रांतून येते. शिष्याने गुरूविषयीचा आदर मात्र जन्मभर ठेविला.

आता ग्रँट डफ. साताऱ्यात प्रतापसिंह महाराजांजवळ रेसिडेंट असताना हे नुसते जेम्स ग्रँट होते; आईकडील जहागीर वारशाने आली तेव्हा डफ हे तिकडचे नाव जोडले गेले. १८१८ ते १८२२ या चार वर्षांत आजारी डोके धरून त्यांनी दप्तरे, बखरी, सनदा चाळल्या आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. तीन-चार वर्षांतच त्याचे मराठी भाषांतर शाळांतून वाचले जाऊ लागले. एका पिढीभर मराठी मुलांनी आपल्या शिवाजी महाराजांची ओळख साहेबाच्या लेखणीतून करून घेतली. मग १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने पुण्यात उभे राहून निबंध वाचला, आणि ग्रँट डफ कोठे चुकले, कोणती साधने त्यांनी पाहिली नाहीत, कोणता पूर्वग्रह त्यांच्या वाक्यांत डोकावतो, हे एक एक करून दाखविले. काव्येतिहाससंग्रहवाले, राजवाडे, खरे, सरदेसाई हे सर्व त्यानंतरचे. घराघरांतील रुमाल सोडले गेले. ग्रँट डफ यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. त्यांनी लिहिले म्हणून खोडून काढावयास काही हाती आले.

आणि शेवटी आपला ग्रँट. रॉबर्ट ग्रँट मुंबईचा गव्हर्नर असताना, १८३६ मध्ये, त्याला झालेला मुलगा चार्ल्स. पणजोबा कलोडनचा शिपाई, आजोबा कंपनीचा अध्यक्ष, बाप गव्हर्नर. मुलगा दोन वर्षांचा असताना बाप गेला. १८५८ मध्ये तो मुलकी सेवेत दाखल झाला आणि मध्य प्रांतात आला. १८६१ मध्ये नवा प्रांत बनला होता. या मुलखाविषयी सरकारला किती माहिती होती? १८५३ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे अर्स्किन पेरी यांनी सांगितले होते, की गोंडवनाचे डोंगर आणि जंगले अजून कोणी धुंडाळलेलीच नाहीत, नकाशावर ती कोरीच आहेत. कोणी म्हणजे कोणी साहेबाने, हे सांगणे नलगे. वैनगंगेच्या काठचा कोहळी आपल्या तलावांचे पाणी वाटून घेत होता, माडिया आपली डोंगरशेती करीत होता, देवलगाव-पिंपळगावच्या भट्ट्यांतून लोखंड निघत होते. नकाशा कोरा होता एवढेच.

तो भरून काढण्याचे काम गॅझेटिअरने केले. स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडांविषयी जमविलेली टिपणे, त्यांच्या १८६३ मधील अपघाती मृत्यूनंतर, १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी छापली होती. चांद्याच्या जमाबंदीचा मेजर लूसी स्मिथ यांचा मोठा अहवाल १८६९ चा. अशा साहित्याच्या आधारे आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या अंमलदारांकडून आलेल्या मजकुरावरून चार्ल्स ग्रँट यांनी गावे, नद्या, डोंगर, जमीनदाऱ्या अकारविल्हे लावून १८७० मध्ये नागपूरहून ग्रंथ काढला. त्यात चांदा आहे, बल्लाळपूर आहे, भांदक आहे, वैरागड आहे, सर्वांत विस्तीर्ण अशी अहेरीची जमीनदारी आहे. सिरोंचा तेव्हा चांद्यात नव्हता. अप्पर गोदावरी या निराळ्या जिल्ह्याचे ते ठाणे होते आणि १८७४ मध्ये चांद्याला जोडले गेले. संपादक स्वतः पुढे १८७९ मध्ये काही काळ प्रांताचा हंगामी मुख्य आयुक्त झाला, नंतर हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव झाला, १८८५ मध्ये मायदेशी गेला आणि १९०३ मध्ये वारला.

खांडक्या बल्लाळशहाची, चांद्याच्या कोटाची, राणी हिराईची जी राजवंशकथा आज शाळेच्या स्मरणिकेपासून पर्यटनपत्रिकेपर्यंत सर्वत्र छापली जाते, तिचे छापील मूळ लूसी स्मिथ यांच्या अहवालाकडे आणि या गॅझेटिअरकडे जाते. १९०९ मध्ये चांदा जिल्ह्याचे स्वतंत्र गॅझेटिअर निघाले, तेही त्याच पायावर. म्हणजे सह्याद्रीकडील मराठ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी इतिहास एका ग्रँटाच्या नावावर, आणि गोंड राजांची हकिकत प्रांतभर पोहोचविणारा ग्रंथ दुसऱ्या ग्रँटाच्या नावावर. पहिल्याला एकेचाळीस वर्षांत कीर्तने भेटला. दुसऱ्याला?

अ. ज. राजूरकर यांनी ‘चंद्रपूरचा इतिहास’ लिहून मराठीत मोठे काम केले, याचा उल्लेख कृतज्ञतेने केला पाहिजे. पण गोंडीतून बोलणाऱ्याने, कुळाच्या आतून, साहेबाच्या वाक्यासमोर आपले वाक्य ठेवावे, असे फार थोडे झाले. बाबूराव पुल्लेसूर शेडमाके यांचेच पाहा. मोलमपल्लीच्या या तरुण जमीनदाराने १८५८ मध्ये कंपनी सरकारशी लढा दिला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. सरकारी कागदांत ते लुटारू आणि बंडखोर. अहेरीच्या जमीनदारणीने त्यांना पकडून दिले, हे त्या कागदांत कौतुकाने येते; आपल्याच नात्यातल्याला धरून देण्याची पाळी तिच्यावर कोणत्या दडपणाने आली, हे येत नाही. ग्लेनमॉरिस्टनच्या ग्रँटांना त्यांच्या नायकाने कसे हवाली केले, ते मात्र स्कॉटलंडच्या लोकांनी विसरू दिलेले नाही. २००९ साली भारताच्या टपाल खात्याने शेडमाक्यांच्या नावाचे तिकीट काढले. कागद बदलावयास दीडशे वर्षे लागली.

आमच्या वाचकांशी हा विषय बोलण्याचे कारण आहे. सिरो-मलबार ख्रिस्तसभेची चांद्याची मिशन १९६२ मध्ये स्थापन झाली, १९७७ मध्ये तिचा धर्मप्रांत झाला. द्वितीय व्हॅटिकन परिषद भरली तेही १९६२ सालीच, त्यामुळे सोळाव्या शतकात वसईत जे घडले ते येथे घडण्याचे कारण उरले नव्हते. स्नानसंस्काराने पीटर किंवा मारिया हे नाव मिळाले तरी मडावी मडावीच राहावयाचा. नोंदवहीत मात्र पुष्कळदा एवढेच येते: नाव, बापाचे नाव, आडनाव, तारीख. पीटर मडावी एका धर्मग्रामात चार असले म्हणजे शंभर वर्षांनी त्यांचेही ग्रँटांसारखे व्हावयाचे. चौघांची कामे एकाच्या खात्यावर आणि तिघे बेपत्ता. गाव लिहावे, टोला लिहावा, किती देवांचे कुळ ते लिहावे, आईच्या माहेरचे कुळ लिहावे. त्यात देवधर्माची भीती बाळगण्याचे कारण नाही. संत मत्तयाने शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला आहे आणि त्यात रूथ ही परजातीची स्त्रीही नावानिशी घातली आहे.

आणखी एक. कुळांच्या कथा गोंडांत परधान सांगत आले. किंगरीच्या साथीने ते कोणत्या कुळाचा मूळ पुरुष कोठून निघाला, कोणती नदी ओलांडली, कोणाशी भांडला, हे रात्रभर गातात. मराठ्यांच्या घरांतील रुमाल जसे, तशी ही परधानांची गाणी. रुमाल सोडावयास राजवाडे गावोगाव पायी हिंडले. आमच्या धर्मग्रामांतून शिकून शिक्षक, परिचारिका, धर्मभगिनी झालेली मुले-मुली त्याच गावांत सुटीला जातात. त्यांच्या आजीला गोंडी येते आणि बहुतेकींना निदान आपल्या कुळापुरती तरी कथा येते. वह्या घेऊन बसावे. कोणते गाव, कोण सांगतो, कोणत्या साली ऐकले, हे वर लिहावे आणि मग खाली आजी म्हणते तसे, तिच्याच शब्दांत उतरावे. गॅझेटिअरातील मजकूर तेव्हा समोर उघडून ठेवू नये. तो नंतर पडताळावा. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या चार तालुक्यांतून प्रत्येकी दोन वह्या आल्या तरी त्या छापावयास या त्रैमासिकाची पाने अपुरी पडणार नाहीत.